रंगाऱ्याची हजेरी

दर तीन महिन्यांनी धुलाईबाईचा नवरा मरणाच्या दारात जायचा आणि चहाच्या वेळेला परत यायचा.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवराबायको दोघंही अणुवीज केंद्रात कामाला होती. तो रंगारी, ती कपडे धुण्याच्या विभागात. अशा केंद्रात संकटाचा सराव वरचेवर करावा लागतो, आणि सरावाला एक जखमी लागतो. आगीचं सोंग आणता येतं, गळतीचं आणता येतं, पण स्ट्रेचरवर घालायला माणूस मात्र खराच हवा. रंगारी म्हणजे काडीपैलवान. त्याला उचलताना कोणाची कंबर धरत नसे, एवढ्या एकाच गुणावर त्याची पहिल्यांदा निवड झाली. पुढे त्या संधीचं त्याने सोनं केलं. तांबड्या प्रायमरमध्ये साबणाचं पाणी कालवून स्वतःचं रक्त तो स्वतःच तयार करायचा, कपाळावर जखम रंगवायचा, आणि बंबवाले दिसले रे दिसले की असा काही कण्हायचा की नव्याने भरती झालेले खऱ्या डॉक्टरला बोलवायला धावायचे. "माझ्या बायकोला सांगा... म्हणावं, माझ्या मागे रडू नकोस..."

बायको तेव्हा मैदानात चहाची वाट बघत उभी असायची. रडण्याचा तिचा काही विचार नव्हता. तिला काळजी शर्टाची. ते तांबडं रक्त तिसऱ्या धुण्यालाही निघायचं नाही.

"मरताना एवढा जीव ओतता," ती म्हणायची, "त्यातला थोडा मोरीच्या नळात ओता. महिनाभर गळतोय."

धुलाईबाई हे नाव तिला कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणारा हुशार असला पाहिजे. केंद्राच्या आतल्या भागात काम करणाऱ्यांचे पिवळे डगले धुऊन, वाळवून, किरणोत्साराचं मीटर लावून तपासायचे, हे तिचं काम. ज्याच्या डगल्याच्या खिशात पेन किंवा खिळे सापडत, त्याचीही ती धुलाई करायची, मग तो साहेब असो की झाडूवाला. तिची धाकटी नणंदही त्याच विभागात होती. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलायच्या आणि एकमेकींचं एक अक्षर मनावर घ्यायच्या नाहीत. नात्याला ते फार मानवलं होतं.

मरण्याखेरीज रंगाऱ्याला आणखी एक खोड होती. सांगायची. रोज सकाळी बुटाच्या नाड्या बांधत तो त्या दिवसाचं काम सांगायला बसे. आज कुठे रंगवायचं आहे, आधी किती खरवडावं लागेल, पहिला हात कधी सुकेल, डब्याच्या तळाशी रंग कसा बसलेला असतो आणि तो ढवळण्याची योग्य पद्धत कोणती. धुलाईबाई जेवणाचे डबे भरता भरता "हं" म्हणायची. तिचं "हं" चांगलं कमावलेलं होतं. ते योग्य जागी चढायचं, योग्य जागी उतरायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई किती लक्ष देऊन ऐकते आहे. वीसेक वर्षांच्या संसारात हे "हं" इतकं मुरलं होतं की रंगारी घरात नसतानाही कधीकधी ते तिच्या तोंडातून निघायचं.

आता सरावातली एक गंमत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

भोंगा झाला की केंद्र चालवणारी मंडळी सोडून बाकी सगळ्यांनी मैदानात जमायचं. तिथे एक साहेब हातातला कर्णा तोंडाला लावून एकेक विभाग पुकारायचा. त्याला सगळे हजेरीसाहेब म्हणत. माणूस सज्जन होता, फक्त कर्णा हातात आला की त्याचा आवाज मास्तराचा व्हायचा. कोणी कमी निघालं तर बंबवाले शोधायला जाणार आणि ते परत येईपर्यंत मैदानातून कोणी हलायचं नाही, हा नियम. रंगकाम विभागात एकच माणूस, आणि तो सरावात हमखास कुठेतरी मरत पडलेला. त्यामुळे "रंगकाम?" असा पुकारा झाला की उत्तर यायचं नाही. हजेरीसाहेब पुन्हा पुकारायचा. पुन्हा शांतता. डोक्यावर ऊन, तिकडे चहा निवतोय. एकदा धुलाईबाईचं डोकं फिरलं आणि ती ओरडली, "हजर! पडलाय तिकडे, सगळ्यांना ठाऊक आहे, पुढचं नाव घ्या!"

मैदान हसलं. हजेरीसाहेबही हसला आणि त्याने पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी चहा गरम मिळाला. मग काय, पुढच्या सरावापासून तोच रिवाज पडला. रंगकाम म्हटलं की धुलाईबाई "हजर" म्हणणार, मैदान हसणार, साहेब पुढे जाणार. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. खरं तर ते सगळ्यांना आवडायचं.

आणि मग एका सकाळी भूकंप झाला.

धुलाईबाई मोठ्या मशीनपाशी होती. मशीन गदागदा हलायला लागलं तेव्हा तिला वाटलं, डगले एका बाजूला गोळा झाले आणि मशीनचा तोल गेला. असं नेहमीच व्हायचं आणि त्यावर तिचा एकच उपाय होता. तिने मशीनच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "गप बस!" मशीन गप बसलं नाही. उलट बाजूचं मशीन हलायला लागलं, मग भिंत, मग छताचे दिवे. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की इथे धपाट्याने भागणार नाही. तिने नणंदेला मनगटाला धरून टेबलाखाली ओढलं. दिवे गेले. मांडणीवरचे घड्या घातलेले डगले भदाभद खाली आले. दोघी एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या, आणि तेवढ्या वेळात दोघींपैकी कोणीही बोललं नाही, ही त्या विभागाच्या इतिहासातली पहिली वेळ.

हलणं थांबलं आणि भोंगा सुरू झाला. सरावात भोंग्यानंतर भिंतींवरच्या कर्ण्यांवर ठरलेलं वाक्य यायचं, "हा सराव आहे, हा सराव आहे." आज तोच आवाज म्हणाला, "हा सराव नाही."

अणुभट्टी आपली आपण बंद झाली होती. जमीन एवढी हलली की तिने बंद व्हायचंच असतं. पण चूल विझवली म्हणून निखारे लगेच गार होत नाहीत. तिला पाणी द्यावं लागतं, पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि बाहेरची वीज तर गेलेली. म्हणून डिझेलचे मोठे जनरेटर धडधडायला लागले. त्या धडधडीवर सगळ्यांचा जीव टांगलेला होता. मैदानाकडे पळताना झाडूवाल्यांपासून साहेबांपर्यंत प्रत्येकाचा एक कान तिकडेच होता.

हजेरीसाहेबाने कर्णा तोंडाला लावला. आज मास्तराचा आवाज नव्हता. "धुलाई?"

"हजर, दोघी!"

"कँटीन?"

"हजर!"

"रंगकाम?"

"हजर!" धुलाईबाई म्हणाली.

शिंक यावी तसं ते आलं. ना तिने विचार केला ना कोणाला खटकलं. आज कोणी हसलं नाही, एवढाच काय तो फरक. साहेबाने वायरलेसवर कळवलं की सगळे हजर आहेत, आणि ज्यांचं काम नाही त्यांना घेऊन जायला बसगाड्या लागल्या. बंबवाल्यांचा म्होरक्या, चांगला आडदांड गडी, आपली माणसं घेऊन जनरेटरच्या बाजूला पाणी मारायच्या तयारीत उभा राहिला. शोधायला जायचं कारणच उरलं नव्हतं.

बसच्या पायरीवर नणंद थांबली. मागे वळून म्हणाली, "वहिनी, दादा कुठंय?"

"असेल पडलेला कुठेतरी," धुलाईबाई म्हणाली.

आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. मघाशी सगळ्यांच्या पायाखालची सरकली होती, आता फक्त तिच्या एकटीच्या.

ती धावत सुटली. वाटेत कोणाचा तरी पाय तुडवला, कोणाच्या तरी हातातल्या, किरणोत्सारावर उतारा म्हणून वाटलेल्या आयोडीनच्या गोळ्या सांडल्या. हजेरीसाहेबासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिला नीट बोलताही येईना. "साहेब, रंगारी नाहीये. शोधा त्याला."

"अहो, आत्ताच तर हजर म्हणाला तो."

"तो नाही, मी म्हणाले! सवयीने म्हणाले. घाला मला तुरुंगात, पण आधी माणूस शोधा!"

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. रंगकामात बाई नाही हे त्याला ठाऊक होतं. बाईचा आवाज त्याने ऐकला होता आणि तरी पुढचं नाव घेतलं होतं. दुसरा एखादा असता तर तिथेच तिच्यावर डाफरला असता. याने वायरलेस उचलला आणि म्हणाला, "एक माणूस कमी आहे. मोजणीत चूक झाली. चूक माझी." या एका वाक्यासाठी त्याचे आधीचे सगळे मास्तरी सराव माफ करायला हरकत नाही.

म्होरक्या धावत आला. "आज कुठे होता काम करत?"

झालं! इथेच घोडं पेंड खाणार होतं. रंगाऱ्याने सकाळी सांगितलं होतं. अगदी सविस्तर, रोजच्यासारखं. धुलाईबाईने डोळे मिटून ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला. बूट आठवले. नाड्या आठवल्या. डब्याचं झाकण बसत नव्हतं ते आठवलं. नवऱ्याचं तोंड हलताना दिसलं, पण त्यातून आवाज येईना. ऐकू येत होतं ते तिचं स्वतःचं "हं". एकामागून एक "हं", चढलेलं, उतरलेलं.

"हिरवा," ती शेवटी म्हणाली. "हिरवा रंग होता. मी म्हटलं, जुना शर्ट घाला, हिरवा डाग निघत नाही."

"हिरवा म्हणजे पाण्याच्या पाइपवरचा पट्टा," म्होरक्या म्हणाला. "बाई, इथे पाण्याच्या पाइपशिवाय दुसरं आहे काय? समुद्रापासून भट्टीपर्यंत तेच आहेत." त्याने माणसांच्या तुकड्या पाडून चार दिशांना पाठवल्या. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "चला माझ्याबरोबर. कर्ण्यावर बोलायचंय."

"मी? तुम्ही बोला की!"

"माझा आवाज ऐकला तर तो नेहमीसारखा कण्हत पडेल. तुमच्या आवाजाला निदान उत्तर तरी देईल."

मैदानाच्या कडेला एका खोलीत माइक होता. इथे बोललेलं केंद्राच्या प्रत्येक बोळात, प्रत्येक जिन्यात ऐकू जायचं. तिने माइक हातात घेतला आणि म्होरक्याला म्हणाली, "आधी ती धडधड बंद करा. त्याचं उत्तर ऐकू कसं येणार?"

"ती सोडून काहीही बंद करतो. ती थांबली तर आपण सगळेच जखमी." त्याने हात करून बसगाड्यांची इंजिनं बंद करायला लावली.

धुलाईबाईने माइक तोंडाशी धरला. आयुष्यात तिला शब्दांची कमतरता कधी पडली नव्हती. आज एकच सुचला.

"अहो," ती म्हणाली.

अख्ख्या केंद्रात ते "अहो" घुमलं. केंद्रातल्या निम्म्या नवऱ्यांनी दचकून वर पाहिलं असणार.

"अहो, मी बोलतेय. हा सराव नाही. कुठे पडला असाल तिथे काहीतरी वाजवा. ओरडू नका, ओरडणं ऐकू येणार नाही. लोखंडावर वाजवा." ती थांबली. मग तिच्याने राहवेना. "सकाळी तुम्ही सांगितलं होतं कुठे जाताय ते. मी ऐकलं नाही. मी नुसतं हं म्हणते. खूप वर्षं नुसतं हं म्हणतेय. आणि मघाशी तुमची हजेरी मीच लावली. मीच म्हणाले हजर, म्हणून कोणी आलं नाही तुमच्याकडे. माझं चुकलं. आता वाजवा. आज मी ऐकतेय."

हजेरीसाहेब दारात उभा राहून बुटांकडे बघत होता. नणंदेने ओढणीचा बोळा तोंडात धरला होता.

वायरलेस खरखरला. समुद्राकडच्या पंपघरात गेलेल्या तुकडीचा माणूस बोलत होता. पाइपातून टकटक ऐकू येतेय. थांबली. पुन्हा येतेय. खाली कुठेतरी आहे.

"बोलत राहा," म्होरक्या दारातून पळता पळता ओरडला. "त्याला झोपू देऊ नका!"

आणि मग धुलाईबाई बोलत राहिली. मोरीतल्या नळाबद्दल बोलली. त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोलली, जे तो नको इतकं मनाला लावून घेत होता. शेजाऱ्याला उसनी दिलेली शिडी परत आणायचं त्याला कसं जमत नाही, तेही सगळ्या केंद्राला कळलं. शेजारी तिथेच सुरक्षारक्षक होता. मध्येच जमीन पुन्हा हलली. कपाटाची दारं खाडकन उघडली, हजेरीसाहेब एका उडीत दाराबाहेर गेला आणि दुसऱ्या उडीत परत आला. धुलाईबाई माइक सोडेना. टेबल धरून ती तसंच म्हणाली, "आणि हलतंय म्हणून वाजवायचं थांबवू नका, थांबायला सांगितलंय का मी?"

नियंत्रणकक्षात बसलेल्या मंडळींना तो कर्णा बंद करायची सोय नव्हती, कारण त्याच कर्ण्यावर धोक्याच्या सूचना यायच्या. त्यामुळे भट्टीचं तापमान बघत, पंपांवर लक्ष ठेवत, घाम पुसत त्यांनी या संसाराची सगळी कहाणी ऐकली. त्यांचा प्रमुख पुढे म्हणाला की त्या दिवशी हात थरथरले नाहीत ते याच्यामुळे. ज्या जगात नळ अजून गळतोय, त्या जगाचा शेवट एवढ्यात होणार नाही असं त्याला वाटलं.

वायरलेस पुन्हा खरखरला. सापडला. शुद्धीवर आहे. पायावर लोखंडी मांडणी पडलीय, ती उचलतोय.

तिचं बोलायचं सगळं संपलं होतं, तरी म्होरक्या म्हणाला होता बोलत राहा. मग तिने त्याला डबा ढवळायची योग्य पद्धत सांगितली. कशी कोण जाणे, ती तिला तोंडपाठ होती. रंग तळाशी बसतो, काठी खालून वर आणायची, घाई करायची नाही. एवढं सांगून झालं आणि तिला हुंदका फुटला, तोही माइकवर.

स्ट्रेचर आलं. तेच बंबवाले, तेच स्ट्रेचर, तोच माणूस. म्होरक्या म्हणाला, "आजवर इतक्या वेळा उचललाय, पण एवढा जड कधी लागला नव्हता." धुलाईबाईची नजर आधी शर्टावर गेली. लाल कुठेच नव्हतं. हिरव्याचे दोन डाग आणि बाकी धूळ. तिला त्या लाल नसण्याचीच भीती वाटली. आणि माणूस गप्प! जो सरावात स्वतःच्या मरणावर भाषण द्यायचा, तो डोळे मिटून, दात आवळून पडला होता. एक आवाज तोंडातून नाही. पाय बघवत नव्हता.

"अहो," ती त्याच्या कानाशी वाकली. "कण्हा की जरा. नेहमीसारखं. माझ्या बायकोला सांगा म्हणा. मी नाही रागावणार."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"ऐकू येतंय का? मघाशी बोलले ते सगळं ऐकलंत ना?"

रंगाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हं," तो म्हणाला.

ती हसली की रडली, ते तिथल्या कोणालाच सांगता येईना. नणंद मात्र शपथेवर सांगते की वहिनीने दादाच्या खांद्यावर चापट मारली आणि डॉक्टर तिच्यावर ओरडला.

पाय वाचला, पण अधू झाला. भट्टी गार झाली, गळालं काही नाही. नळ म्होरक्याने येऊन दुरुस्त केला, आणि शेजारी शिडी परत देऊन गेला, मान खाली घालून.

रंगारी आता खुर्चीवर बसून पाट्या रंगवतो. सकाळी नाड्या बांधताना कुठली पाटी, कुठला रंग, किती हात, हे अजून सांगतो. उलट पूर्वीपेक्षा जास्त सांगतो, कारण आता मध्येच थांबून विचारायची त्याला चटक लागली आहे, "काय म्हणालो मी?" आणि धुलाईबाईला सांगावं लागतं. एखाद दिवशी चुकते. त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या सरावाला जखमी व्हायला कोणीच तयार होईना. शेवटी हजेरीसाहेब स्वतः झाला. फारच वाईट कण्हला. रंगाऱ्याने काठी टेकत जाऊन त्याला दोन-तीनदा करून दाखवलं, पण हाडात नव्हतं ते येणार कुठून! मैदानात कर्णा एका नव्या बाईच्या हातात होता. तिला जुना रिवाज माहीत नव्हता.

"धुलाई?"

"हजर, दोघी."

"रंगकाम?"

धुलाईबाईचं तोंड उघडलं. तिने ते मिटलं, वर हातही ठेवला. रंगारी तिच्या शेजारीच काठीवर रेलून उभा होता. तो तिच्याकडे बघत राहिला. बाईने पुन्हा पुकारलं, "रंगकाम?" सगळं मैदान वाट बघायला लागलं. ऊन तापलं होतं आणि चहा निवत होता, तरी कोणी चुळबुळ केली नाही.

"अहो," तोंडावरच्या हाताच्या आडून ती पुटपुटली, "म्हणा ना."

त्याने घसा खाकरला. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, कँटीनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हजर."